गाडी न नेता बोट आणि रेल्वेने प्रवास कसा आखावा

सुरुवात बोटीपासून करा. रेल्वे चुकली तर बहुतेक मार्गांवर थोड्या वेळाने दुसरी मिळते. बोट मात्र अनेक मार्गांवर दिवसातून एखाद-दोनदाच सुटते, त्यामुळे आधी बोट पक्की करायची आणि तिच्या वेळेला रेल्वे जुळवायची.

बोट निवडताना पहिला प्रश्न: पायी प्रवासी घेतात का? काही फेऱ्यांवर फक्त वाहनवाल्यांनाच तिकीट मिळतं. दुसरं म्हणजे सुटण्याच्या वेळेपेक्षा चेक-इन कधी बंद होतं ते महत्त्वाचं. ते बऱ्याचदा अर्धा ते एक तास आधी बंद होतं आणि त्यानंतर बोट समोर उभी दिसली तरी चढू देत नाहीत.

आता नकाशा उघडा आणि नेमका धक्का शोधा. बंदराला शहराचं नाव असतं, पण धक्का रेल्वे स्थानकापासून कित्येक किलोमीटर लांब असू शकतो. इंग्लंडमधलं हार्विच इंटरनॅशनल स्थानक बंदराला लागूनच आहे. असं भाग्य सगळीकडे नसतं. मोठ्या बंदरात टर्मिनलही अनेक असतात, म्हणून तिकिटावरचं टर्मिनलचं नाव नीट वाचा. रात्री उशिरा उतरणार असाल तर शेवटची बस किती वाजता आहे तेही आत्ताच बघून ठेवा.

मग रेल्वे. जाताना अशी गाडी धरा की ती चुकली तरी पुढच्या गाडीने चेक-इन गाठता येईल. उतरल्यावर लगेचची गाडी धरू नका. पायी प्रवाशांना कधी कधी बोटीवरून टर्मिनलपर्यंत बसने नेतात, शिवाय पासपोर्ट तपासणी असेल तर रांग आलीच. मी तरी दोन तास हाताशी ठेवतो आणि पुढचं तिकीट कोणत्याही गाडीला चालेल असं घेतो, थोडं महाग पडलं तरी. वेळा स्थानिक असतात, हेही विसरू नका: नेदरलँड्सहून इंग्लंडला उतरलात की घड्याळ एक तास मागे.

जोड तिकीट मिळतं का ते जरूर विचारा. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्या दरम्यान रेल्वे आणि बोट मिळून एकच तिकीट निघतं. इटलीत तर त्याहून मजा: व्हिला सान जोव्हान्नीला रेल्वेचे डबेच बोटीत चढवतात आणि पलीकडे सिसिली बेटावर मेस्सिनाला उतरवतात.

सामान स्वतःला जिन्यावरून उचलता येईल एवढंच घ्या. लहान मुलं, भरपूर बोजा आणि मुक्काम बस न जाणाऱ्या गावात, असं असेल तर स्वतःची मोटारगाडीच बरी. बोट लागत असेल तर खालच्या मजल्यावर, मधोमध बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा. गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याआधीच घ्यायची.

आदल्या संध्याकाळी हवामान आणि कंपनीची सूचना बघा. जोराच्या वाऱ्यात फेऱ्या रद्द होतात. तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर बुडालेल्या रेल्वे तिकिटाची भरपाई बोट कंपनी देईलच असं नाही. तेव्हा त्यानंतरची बोट कधी आहे आणि बंदराजवळ रात्र काढायची सोय कुठे होईल, हे दोन्ही घरूनच लिहून न्या.