पॉलिटी: आकडे नंतर, आधी कोण कोणाला उठवतं ते बघा

स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायला आलो आणि पहिला महिनाभर पॉलिटी, म्हणजे राज्यव्यवस्थेचा विषय, पाढ्यांसारखी घोकली. लोकसभा ५४३, राज्यसभा २४५, विधानसभा २८८, विधानपरिषद ७८. अभ्यासिकेतून मेसला जातानाही तोंडात तेच. मग टेस्ट सिरीजमध्ये प्रश्न आला: मुख्यमंत्री विधानपरिषदेचे सदस्य असतील, तर परिषद त्यांच्या सरकारवर अविश्वास आणू शकते का? मी बेधडक 'हो'चा गोल काळा केला. ज्या सभागृहाचा माणूस, त्यालाच हक्क नाही?

नाही. राज्यघटनेच्या कलम १६४ नुसार मंत्रिपरिषद, म्हणजे मुख्यमंत्री आणि त्यांचे मंत्री, फक्त विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. (मंत्रिपरिषद आणि विधानपरिषद यांत घोळ करणारे दर बॅचला भेटतात. मीही केलाय.)

तेव्हापासून प्रत्येक पदापुढे मी दोनच प्रश्न लिहितो: याला बसवतं कोण, उठवतं कोण? मुख्यमंत्र्यांना नेमतात राज्यपाल, पण टिकवतं विधानसभेतलं बहुमत. आधी आमदार असायलाच हवं असंही नाही. २८ नोव्हेंबर २०१९ ला शपथ घेताना उद्धव ठाकरे कुठल्याच सभागृहात नव्हते. सदस्य नसलेल्या मंत्र्याला सहा महिन्यांत कुठल्या तरी सभागृहात यावं लागतं; ती मुदत संपत आली तेव्हा, मे २०२० मध्ये, ते विधानपरिषदेवर गेले. हे एक उदाहरण डोक्यात बसलं की १६४(४) विसरता येत नाही. मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे आपल्याकडे मुख्यमंत्र्यांसह ४३. ही मर्यादा ९१ व्या घटनादुरुस्तीची, पुढे चला.

खरी मेख वरिष्ठ सभागृहात आहे. धन विधेयक, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाचं विधेयक, राज्यसभा काय, विधानपरिषद काय, १४ दिवसांपलीकडे अडवू शकत नाही. साध्या विधेयकावर मात्र वाटा वेगळ्या होतात. केंद्रात अडलं तर लोकसभा आणि राज्यसभेची संयुक्त बैठक. आजवर तीनच विधेयकांसाठी झाली, १९६१, १९७८ आणि २००२ मध्ये. राज्यात ती सोयच नाही. परिषद पहिल्यांदा तीन महिने, दुसऱ्यांदा एक महिना रोखते, मग विधानसभेचंच चालतं. 'राज्यातही संयुक्त बैठक' हा पर्याय दिसला की हात आवरा.

परिषदेची रचना मला कलम १७१ वाचून नाही, मतदान करून समजली. डिसेंबर २०२० मध्ये पुणे पदवीधर मतदारसंघाची, म्हणजे पदवीधरांनी परिषदेवर आमदार निवडायची, निवडणूक होती. मतदारसंघ पुण्यासह सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर एवढा. मतपत्रिकेवर चिन्हच नाही, नावापुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे. ७८ पैकी पदवीधरांच्या जागा ७, शिक्षकांच्या ७, स्थानिक संस्थांच्या २२, विधानसभेच्या आमदारांनी निवडायच्या ३०, राज्यपालनियुक्त १२.

पदवीला तीन वर्षं झाली असतील तर नमुना १८, म्हणजे पदवीधर मतदार नोंदणीचा अर्ज, भराच. रूममेटचं नाव मागच्या यादीत होतं, म्हणून तो निवांत राहिला. पदवीधरची यादी दर वेळी कोऱ्या पानावरून होते, हे त्याला मतदानाच्या दिवशी कळलं.