आरोग्य क्लब चालवताय? या चुका टाळा

कॉलेजात नवा आरोग्य क्लब निघाला की पहिल्या बैठकीत लोगो, टी-शर्ट आणि उद्घाटनाचे पाहुणे ठरतात. काम काय करायचं ते पुढच्या बैठकीवर ढकललं जातं. याचा मला राग येतो, कारण साथीच्या आजारांत अर्धवट काम लोकांना खोटा दिलासा देतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एका दिवसाची मोहीम. एका क्लबने डेंगीविरोधात वसतिगृहातली झाडून सगळी पिंपं, बादल्या रिकाम्या केल्या, फोटो काढले आणि विषय संपवला. पंधरवड्याने मी टॉर्च घेऊन त्याच पिंपात डोकावलो, तर अळ्या वळवळत होत्या. "सर, पाणी तर ओतून दिलं होतं!" ओतलं होतं, घासलं नव्हतं. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला चिकटवते. ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. अंड्याचा डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात, म्हणून घासायचं दर आठवड्याला. मी वार ठरवून देतो आणि कोणता मजला कोणाचा, ते नावानिशी भिंतीवर लावतो. धूरफवारणीचा सोपा मार्ग मला कुणी सुचवू नये. धुराने उडते डास मरतात, अंडी जागच्या जागी राहतात.

दुसरी चूक क्षयरोगाच्या सर्वेक्षणांत दिसते. फॉर्मवर नाव, खोली क्रमांक, "घरात कुणाला टीबी आहे का?" आणि उत्तरं अख्ख्या ग्रुपला खुली! हे अक्षम्य आहे. माहितीचं पुढे काय करणार, हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर प्रश्नच विचारू नका. पत्रकात "रुग्णाची भांडी वेगळी ठेवा" असंही छापू नका. टीबी हवेतून पसरतो. त्याऐवजी दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या, हे छापा.

रेबीजच्या पोस्टरवर लसीइतक्याच ठळकपणे "जखम लगेच साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा" लिहा.

जुलाबावरची घरगुती जलसंजीवनी अंदाजपंचे शिकवू नका: १ लिटर स्वच्छ पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

सर्दी-पडशाला अँटिबायोटिक सुचवू नका, विषाणूंवर ते चालत नाही.

आणि पिंपं घासल्याची वही शेवटच्या वर्षाच्या मुलांकडे देऊ नका. परीक्षा जवळ आली की पहिली तीच बंद पडते. दुसऱ्या वर्षातल्या दोघांकडे सोपवा.