भिंत, गच्ची आणि जुनी गोधडी : सॉफ्टबॉलचा घरचा सराव

शाळेच्या संघात सॉफ्टबॉल खेळणारी बरीच मुलं-मुली क्रिकेट खेळून इकडे आलेली असतात. घरी एकट्यानं सराव करताना क्रिकेटच्याच सवयी नकळत घट्ट होत जातात. मैदानावर सर किंवा मॅडम लगेच टोकतात, गच्चीवर टोकायला कोणी नसतं. चुकीचा स्विंग रोज शंभर वेळा केला तर तोच अंगात भिनतो. म्हणून घरचा सराव थोडा, सावकाश आणि मोजून करायचा. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस पुरे. एका दिवशी फेकणं आणि धावणं, दुसऱ्या दिवशी ग्राउंडर (जमिनीवरून येणारे चेंडू अडवणं) आणि बॅटिंग, अशी वाटणी करावी.

सामान

दोन टेनिस बॉल, एक झिजलेला सॉफ्टबॉल, ग्लोव्ह आणि रंगीत टेप. शिवाय मोज्यांचे आठ-दहा चेंडू करून ठेवा: एका जुन्या मोज्यात बाकीचे मोजे कोंबायचे, तोंड शिवायचं आणि वरून चिकटपट्टी गुंडाळायची. १२ इंची सॉफ्टबॉलचा घेर साधारण ३० सेंटिमीटर असतो, तेवढा आकार जमवा.

बॅटिंगची टी, म्हणजे मारण्यासाठी चेंडू ठेवायचा उभा खांब, घरी सहज होते. रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट-वाळू भरून त्यात एक इंची पीव्हीसी पाइप उभा करायचा. वरच्या टोकावर गॅरेजमधून आणलेली रेडिएटरची जुनी रबरी नळी घट्ट बसवायची आणि ती पाइपाच्या वर निदान १०-१२ सेंटिमीटर राहू द्यायची. बॅट थोडी खाली लागली तर रबर वाकतं. नुसत्या पाइपावर चेंडू ठेवला तर पाइप फुटतो, बॅटलाही पोचे पडतात. टीची उंची खेळाडूच्या मांडीच्या मध्यापासून कमरेपर्यंत हवी, त्यासाठी दोन मापांचे पाइपाचे तुकडे कापून ठेवा.

चेंडू अडवायला दोरीवर जुनी गोधडी टांगायची, पण ढिली. ताणून बांधली की चेंडू थेट तोंडावर परत येतो.

फेकणं

सॉफ्टबॉल मोठा असल्यामुळे लहान हाताची मुलं तो मुठीत गच्च धरतात. तळहात आणि चेंडू यांच्यात थोडी फट राहायला हवी. तीन बोटं आडव्या शिवणीवर, अंगठा खाली. हात मोठा असेल तर दोन बोटं पुरतात.

आधी भिंतीपासून तीन-चार मीटरवर, फेकत्या हाताच्या बाजूचा गुडघा टेकून बसायचं आणि टेनिस बॉल फक्त मनगटानं २० वेळा टाकायचा. मग उभं राहून दहा मीटरवरून, भिंतीवर छातीच्या उंचीला टेपची फुली करून, तिच्यावर दहा-दहाचे तीन संच. किती लागले ते वहीत लिहा. खांदा निशाण्याकडे, पुढचं पाऊल निशाण्याच्याच दिशेनं, कोपर खांद्याच्या उंचीला.

आपली फिरकी सरळ आहे की नाही हे पाहायला जुन्या सॉफ्टबॉलभोवती मार्करनं एक पट्टा काढा. मधलं बोट त्या पट्ट्यावर ठेवून जोडीदाराकडे फेका. पट्टा हवेत स्थिर रेषेसारखा दिसला तर ठीक. तो डुगडुगला तर बोटं चेंडूच्या बाजूनं सुटताहेत, आणि असा चेंडू लांबवर वळत जातो. शॉर्टस्टॉपचा (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावताना गाठायच्या टप्प्यांच्या, मधे उभ्या राहणाऱ्या खेळाडूचा) थ्रो पहिल्या बेसवरच्या खेळाडूच्या डोक्यावरून जातो तेव्हा बहुधा कोपर खाली पडलेलं असतं. त्याच चुकीनं खांदाही दुखतो.

ग्राउंडर

भिंतीपासून पाच मीटरवर उभं राहून टेनिस बॉल खाली मारायचा आणि परत येणारा उचलायचा. पाय खांद्यांपेक्षा रुंद, गुडघे वाकलेले, ग्लोव्ह उघडा आणि जमिनीला टेकलेला, दुसरा हात त्याच्या वर सुसरीच्या वरच्या जबड्यासारखा. ग्लोव्ह नेहमी खालून वर यायला हवा. वरून खाली झडप घातली की चेंडू त्याच्याखालून पायांमधून निघून जातो. ग्राउंडर सुटण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

समोरचे २५, डावीकडचे १५, उजवीकडचे १५. उजव्या हातानं फेकणाऱ्यांना उजवीकडचे चेंडू ग्लोव्ह उलटा करून घ्यावे लागतात आणि नेमका तोच भाग सगळे टाळतात. टाळू नका, उलट दहा जास्त करा. शेवटी चेंडू ग्लोव्हमधून फेकत्या हातात घेण्याचे २० वेळा. टीव्ही बघत केले तरी चालतात, कारण बोटं न बघता शिवण शोधायला शिकली पाहिजेत.

उंच झेलाला क्रिकेटची ओंजळ विसरा. टेनिस बॉल वर फेकून, ग्लोव्ह कपाळाच्या वर धरून झेल घ्या. डोक्यामागे जाणाऱ्या चेंडूसाठी पहिलं पाऊल तिरकं मागे टाकून वळायचं. तोंड समोर ठेवून उलटं धावलं की माणूस पाठीवर पडतो.

बॅटिंग

क्रिकेटमध्ये बॅट सरळ खाली येते. इथे ती आडवी फिरते आणि ताकद कमरेतून येते. दार वाजवताना जी बोटांची पेरं दारावर आपटतात, ती दोन्ही हातांची पेरं ग्रिपवर साधारण एका रेषेत हवीत. पुढचं पाऊल छोटं, वीतभर पुरे. मग आधी कंबर वळते, मागच्या पायाची टाच उचलून पाय जागेवरच फिरतो, हात त्यानंतर येतात. डोकं मात्र हलत नाही.

टीवर दहाचे पाच संच. पहिले दोन निम्म्या वेगानं. चेंडू तुमच्या पुढच्या पायाच्या रेषेत ठेवा, तो मधला चेंडू. अंगाजवळचा सरावायचा असेल तर टी थोडी पुढे सरकवा, लांबचा असेल तर थोडी मागे. सगळे एकाच जागेवर ठेवून मारणाऱ्यांना सामन्यात बाहेरचा चेंडू फारसा सापडत नाही.

फटका कुठे गेला यावरून चूक कळते. चेंडू सारखे जमिनीवर आपटत असतील तर मनगटं लवकर उलटताहेत. वर उडत असतील तर मागचा खांदा खाली पडतोय. बॅट टीलाच लागत असेल तर नजर चेंडूवरून आधीच हटलीय. इथे मोबाइल उपयोगी पडतो: बाजूनं स्लो मोशन चित्रण करून कंबर आधी वळते की हात, तेवढंच बघा. एका वेळी एकच चूक दुरुस्त करा.

चेंडू टाकून द्यायला घरातलं कोणी असेल तर त्यांनी समोर न बसता बाजूला तिरकं, तीन मीटरवर बसावं. मोज्याच्या चेंडूंवर १ ते ४ आकडे लिहा आणि मारणाऱ्यानं मारण्याआधी आकडा ओरडून सांगायचा. नजर आपोआप टिकते.

बंटचे, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू नुसता हलकेच अडवून जवळ टाकण्याचे, रोज १५ पुरे. वरचा हात बॅटच्या मागे अंगठ्याच्या चिमटीत, बोटं पुढे काढायची नाहीत, नाहीतर चेचली जातात. चेंडू खाली आला तर गुडघे वाकवायचे, बॅट वाकवायची नाही.

पिचर असाल तर

पिचर म्हणजे बॅटिंग करणाऱ्याला चेंडू टाकणारा खेळाडू. हात खालून फिरतो म्हणून कितीही टाका, ही समजूत चुकीची आहे. विंडमिलमध्ये (हात पूर्ण गोल फिरवून टाकण्याच्या पद्धतीत) खांद्याच्या पुढच्या भागावर मोठा ताण येतो. वाढत्या वयात घरी ४०-५० चेंडू पुरे, सलग तीन दिवस नको, आणि संघाच्या सरावात टाकलेलेही त्याच हिशोबात धरा. आधी तीन मीटरवरून फक्त मनगटाचे २०, मग अर्ध्या फेरीचे १५, शेवटी पूर्ण फेरी. चेंडू मांडीजवळ सुटायला हवा. उशिरा सुटला तर उंच जातो, लवकर सुटला तर टप्पा पडतो. महिलांच्या खुल्या गटात पिचिंगचं अंतर १३.११ मीटर असतं, लहान गटांत कमी असतं. आपल्या स्पर्धेचं माप विचारून तेच आखा. खांद्याच्या पुढे दुखलं तर त्या दिवशी थांबा आणि प्रशिक्षकांना सांगा.

धावणं

दोन बेसमधलं अंतर १८.२९ मीटर. सोसायटीच्या आवारात टेपनं मोजून खडूची रेघ मारा. स्विंग करायचा, बॅट खाली टाकायची (क्रिकेटवाले ती घेऊनच पळतात!) आणि पहिल्या बेसवर वेग न मोडता पुढे निघून जायचं. बेसवर उडी मारण्यात वेळ जातो. सहा धावा, मध्ये एकेक मिनिट विश्रांती, वेळ मोबाइलवर. दुसऱ्या बेसपर्यंत जायचं असेल तर पहिल्याच्या आधी थोडं बाहेर वळून आतल्या कोपऱ्यावर पाय द्या.

बेसवरचा धावपटू पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत जागा सोडू शकत नाही, सोडली तर बाद. म्हणून भावाला किंवा बहिणीला समोर हात फिरवायला सांगा आणि हात मांडीजवळ येताच सुटा. दहा वेळा. अधूनमधून त्यांनी मुद्दाम हात अर्ध्यात थांबवावा. स्लाइड, म्हणजे जमिनीवरून घसरत बेस गाठणं, मात्र घरी एकट्यानं शिकू नका. ती आधी प्रशिक्षकांसमोर ओल्या गवतावर शिकायची.

पावसाळ्यात मैदान चिखलात असतं तेव्हा ताटावर चार वाट्या बेस म्हणून मांडा आणि एकमेकांना प्रश्न विचारा. पहिल्या बेसवर धावपटू, एक बाद, चेंडू शॉर्टस्टॉपकडे, थ्रो कुठे? दोन बाद असतील तर? उत्तर तीन सेकंदांत आलं पाहिजे, कारण सामन्यात तेवढाही वेळ मिळत नाही.