धंद्याचा प्रकल्प अहवाल ग्रंथालयात बसून कसा लिहावा

कर्जाला अर्ज करायचा म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: 'एजंट गाठ, तो प्रकल्प अहवाल, म्हणजे धंद्याच्या खर्चाचा आणि कमाईचा बँकेसाठीचा अंदाज, करून देईल.' देतोच तो. मागच्या गिऱ्हाइकाची फाइल उघडतो, 'पापड' खोडून 'मसाला' घालतो आणि पैसे घेतो. पुढे बँकेतला अधिकारी दुसऱ्या पानावर बोट ठेवून विचारतो, 'हा आकडा कसा आला?' तेव्हा एजंट समोर नसतो, तुम्ही असता. ठाण्या-नवी मुंबईतल्या घरगुती उद्योगवाल्यांचे बरेच अहवाल मी त्यांच्या शेजारी बसून लिहून घेतले आहेत. अहवाल स्वतः लिहायचा आणि ग्रंथालयात बसून लिहायचा, यावर मी ठाम आहे. घरी दर दहा मिनिटांनी कुकरची शिट्टी होते.

ठाण्यात नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून. नवी मुंबईत राहत असाल तर आपल्या नोडमधलं वाचनालय बघा. अनामत आणि वर्गणी भरा, सभासद व्हा. अभ्यासिकेतल्या खुर्च्यांवर एमपीएससीवाल्यांचा हक्क आहे, तिथे घुसू नका. तुमचं काम वर्तमानपत्रांच्या टेबलावर आणि ग्रंथपालांकडे आहे.

ग्रंथपालांना 'धंद्यावर एखादं पुस्तक द्या' असं कधीही म्हणू नका. शून्यातून कोट्यधीश झालेल्या कुणाचं तरी चरित्र हातात पडेल आणि आठवडा जाईल. वस्तूचं नाव घेऊन विचारा. समजा धंदा मसाल्याचा आहे, तर: 'वाळलेली मिरची साठवण्यावर काही आहे का? मसाल्याला ओल धरू नये म्हणून काय करतात?' बऱ्याच ग्रंथालयांत कपाटं आपल्याला उघडी नसतात, यादी बघून पुस्तक मागावं लागतं. ती यादी विषयवार असते. मसाल्याचं पुस्तक 'उद्योग'खाली सापडेलच असं नाही, ते शेतीत असेल नाहीतर पाकशास्त्रात. ग्रंथपालांना ते माहीत असतं, फक्त प्रश्न नेमका हवा.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. पैसे मागणारं पान दिसलं तर बंद करा. यंत्रांची दरपत्रकं दोन-तीन ठिकाणांहून आणा. जागेचा भाडेकरार, आधार, पॅन यांवर मी वेळ घालवत नाही.

आता खेळतं भांडवल, म्हणजे माल घेण्यापासून विक्रीचे पैसे येईपर्यंत धंदा चालवायला लागणारा पैसा. अहवाल आपटतो तो इथे. यंत्राची किंमत दरपत्रकावर छापलेली असते, तिच्यात चुकायला वाव नाही. खेळतं भांडवल मात्र कुठेच छापलेलं नसतं. 'महिन्याचा खर्च लिहा' हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा आहे. मलाही हा भाग बरेच दिवस सुटत नव्हता. सुटला तो बारावी वाणिज्यच्या पाठ्यपुस्तकामुळे. चिटणिसाच्या कार्यपद्धतीच्या पुस्तकात स्थिर आणि खेळत्या भांडवलाचा फरक सरळ मराठीत दिला आहे. जाडजूड व्यवस्थापनशास्त्राआधी ते मागून घ्या, लाजू नका.

प्रश्न असा विचारायचा: मिरचीवाल्याच्या हातात गेलेला रुपया किती दिवसांनी परत माझ्या हातात येतो? समजा कच्चा माल ४५ दिवस पडून राहतो. कुटणं, चाळणं, पाकिटं भरणं यात ५ दिवस जातात. तयार माल १० दिवस घरात आणि दुकानदाराची उधारी ३० दिवस. झाले ९० दिवस. तुमचा रोजचा खर्च सरासरी ४,००० रुपये असेल, तर ढोबळ गरज ३,६०,००० रुपयांची. महिन्याचा खर्च लिहिणाऱ्याने १,२०,००० लिहिलेले असतात. तिसऱ्या महिन्यात तो मिरचीऐवजी नातेवाइकांकडे पैसे शोधत फिरतो.

उधारीचे दिवस प्रामाणिकपणे लिहा. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, असं कायदा म्हणतो. नौपाड्यातला किंवा नेरूळचा किराणावाला हा कायदा वाचून माल घेत नाही. त्याच्या सवयीचे दिवस धरा.

मसाल्यात आणखी एक खोच आहे. मिरचीचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे. भाव बरा असतो तेव्हाच वर्षाची मिरची भरून ठेवायची, हे घरची आजीसुद्धा सांगते. मग ४५ दिवसांचा हिशोबही कोलमडतो. त्यासाठी मोठ्या कागदावर बारा महिन्यांचे बारा रकाने आखा. प्रत्येक महिन्यात किती पैसे जाणार आणि किती येणार ते लिहा, दोन्हींतला फरक काढा आणि तो मागच्या महिन्याच्या शिलकीत मिळवत जा. मार्च-एप्रिलमध्ये शिलक वजा होईल, दिवाळीपर्यंत सावरेल. वर्षभरातला सगळ्यात खोल वजा आकडा हीच तुमची खरी गरज. दिवसांचा हिशोब फक्त पडताळ्याला ठेवा. कर्ज सरकारी योजनेतून घेत असाल आणि तिच्यात खेळत्या भांडवलावर मर्यादा असेल तर वरची रक्कम कुठून आणणार तेही अहवालात लिहा.

रकान्यांत भाव कुठले भरायचे? इथे ग्रंथालय खरं कामाला येतं. वाशीच्या मसाला मार्केटचा आजचा भाव फोनवर मिळतो, पण अहवाल आजच्या भावावर उभा करू नका. वर्तमानपत्रांचे जुने अंक मागा. किती महिन्यांचे ठेवतात ते आधीच विचारा, कारण रद्दी ठरावीक वेळेला निघते. ॲग्रोवनसारख्या दैनिकातले बाजारभाव महिन्यावार वहीत उतरवा. त्याच पानांवर पाऊस आणि आवक यांच्या बातम्याही असतात, त्यामुळे भाव का चढला तेही कळतं. बँकेत 'ब्याडगी मिरची महागली तर?' असं विचारलं की वही पुढे करा. जिथे कारण सांगता आलंय, तिथे अधिकाऱ्याचा सूर बदललेला मी पाहिला आहे.

अनुदानाबद्दल एक ताकीद. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम ही नव्या धंद्याच्या कर्जावर अनुदान देणारी केंद्राची योजना. तिच्यात अनुदान तुमच्या हातात पडत नाही. ते बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकून राहतं आणि नंतर कर्जात वळतं होतं. अनुदानातून मिरची घेऊ म्हणणाऱ्याने अहवाल बंद करावा. जमिनीची किंमतही प्रकल्पखर्चात धरता येत नाही. मुख्यमंत्र्यांच्या नावाची राज्याची योजना वेगळी आहे, तिचे नियम शासन निर्णयातच वाचा. शासन निर्णय राज्याच्या संकेतस्थळावर खुले आहेत. व्हॉट्सॲपवर फिरणारी 'योजनेची माहिती' बहुधा दोन निर्णय जुनी असते.

विक्रीचा अंदाज लिहिताना पहिल्या वर्षी यंत्राच्या क्षमतेच्या निम्म्याच्या वर जाऊ नका.

धंदा नको, नोकरीच हवी असेल तर याच टेबलावर दर आठवड्याचा रोजगार समाचार चाळा. तो हिंदीत आणि इंग्रजीत निघतो. महास्वयम् या राज्य सरकारच्या रोजगार संकेतस्थळावर नाव नोंदवा. स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर ठाणे महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे, तिथे चौकशी करा.

अहवाल लिहून झाला की टाइप करायच्या आधी ग्रंथालयातल्या कुणाही अनोळखी माणसाला वाचायला द्या, निवृत्त बँकवाला मिळाला तर उत्तमच. वर्तमानपत्रांच्या टेबलावर सकाळी असा एखादा तरी बसलेला असतो आणि त्याला चुका दाखवायला फार आवडतं.