गिटारफिशची विक्री थांबवायची आहे? हौशी गरीवाल्यांनी सुरुवात कुठून करावी

रविवारी पहाटे रॉड घेऊन निघालेल्या आपल्यापैकी कुणाला धक्क्यावर मोठी गिटारफिश, म्हणजे मुशी आणि पाकट यांच्या नात्यातला गिटारच्या आकाराचा मासा, पडलेली दिसली की फोटो लगेच ग्रुपवर येतो. खाली 'बॅन करा यांना', 'लाज नाही का' वगैरे जमा होतं आणि दुपारपर्यंत सगळे मटणावर ताव मारायला मोकळे. मासा तोवर कापून, पंखासारखे पर वेगळे करून गेलेला असतो. मी नेरूळला राहतो, रबाळ्याच्या एमआयडीसीत नोकरी करतो आणि सुट्टीला गरवायला जातो. हा तमाशा बरीच वर्षं पाहिला. त्यापेक्षा काय केलं तर उपयोग होतो, ते इथे लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच. नवा कायदा मागत बसू नका, तो आहे. जुलै २००१ मध्ये केंद्र सरकारने मुशी-पाकट वर्गातले (शार्क आणि रे) सगळेच मासे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत टाकले. किनाऱ्यावर ओरड झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात यादी १० जातींवर आली. त्यात व्हेल शार्क, करवती मासे आणि मोठी म्हणजे जायंट गिटारफिश आहे. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, अनुसूच्यांची फेरमांडणी झाली. अनुसूची १ मधल्या प्राण्याची शिकार वा व्यापार केला तर ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. म्हणजे आपली मोहीम आहे ती अंमलबजावणीची. तक्रार लिहिण्याआधी सध्याची अनुसूची उघडा आणि शास्त्रीय नाव जसंच्या तसं उतरवून घ्या. जुन्या यादीचा फोटो ग्रुपवर फिरतो, त्यावर विसंबू नका.

मासा ओळखता आला पाहिजे

इथेच निम्म्या तक्रारी मरतात. कुणीतरी टोपलीभर लहान मुशींचा फोटो काढतो आणि 'शार्कची हत्या' म्हणून पाठवतो. अहो, सरसकट मुशी विकणं बेकायदा नाही. कोळीवाड्यात मुशीचं कालवण पिढ्यानपिढ्या शिजतंय. अशी एक चुकीची तक्रार गेली की पुढच्या दहा खऱ्या तक्रारींकडे अधिकारी बघतही नाही, आणि धक्क्यावरच्या मावशी तुम्हाला दुरून ओळखायला लागतात.

गिटारफिशमध्येही दोन प्रकार नजरेला वेगळे करता यायला हवेत. मासा पोटावर ठेवलेला असताना पाठीवरच्या दोन उभ्या परांकडे पाहा. पहिला पर खालच्या श्रोणिपरांच्या (पोटाखालच्या मागच्या जोडीच्या) बरोबर वर किंवा किंचित पुढे सुरू होत असेल, तर ती मोठी गिटारफिश. दोन्ही पर मागे शेपटीकडे सरकलेले असतील, तर ती आपल्या बाजारात जास्त दिसणारी दुसरी. मग शेपूट पाहा. मोठीच्या शेपटीला खालचा भाग मुशीसारखा वेगळा निघालेला दिसतो, दुसरीला तसा नसतो. अंधारात, बर्फाच्या चुऱ्यात, अर्धवट कापलेल्या माशात हे जमायला सराव लागतो. दुसरीचं भलं चाललंय असं नाही, पण कायद्यात तिची गोष्ट वेगळी. दोघींना एका तक्रारीत कोंबू नका.

एवढी धडपड याच माशासाठी का? तो अंडी घालत नाही, मोजकी पिल्लं देतो, सावकाश वाढतो. आणि त्याच्या परांना आशियातल्या पर-बाजारात सगळ्यात वरचा भाव. २०१९ मध्ये आययूसीएनने, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने, गिटारफिशच्या अशा कुळांतल्या १६ जाती तपासल्या, त्यातल्या १५ अतिसंकटग्रस्त निघाल्या. भारतातून शार्कच्या परांच्या निर्यातीवर २०१५ पासून बंदी आहे. म्हणून पर कापून वेगळे ठेवलेले दिसले, तर ते फोटोत आलेच पाहिजेत.

फोटो काढताना माणसांचे चेहरे नकोत. मासा आडवा, दोन्ही पर आणि शेपूट एका चौकटीत, शेजारी मापासाठी चप्पल किंवा पाण्याची बाटली. एक फोटो पोटाच्या बाजूचा मिळाला तर उत्तम. वेळ आणि ठिकाण फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सअॅपने पाठवलं की ती माहिती उडते, तेव्हा मूळ फाइल जपा. आणि फेसबुकवर टाकण्याआधी वनखात्याच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. आधी पोस्ट, मग तक्रार, असं केलंत तर पथक येईपर्यंत धक्का धुऊन स्वच्छ असतो.

आपली पिशवी आधी तपासा

हे ऐकायला कुणाला आवडत नाही. आपल्यातले काही 'हौशी' लोक पकडलेली जिताडा, काळुंदर हळूच हॉटेलात देतात. एकदा पैसे घेतले की तुम्ही हौशी उरत नाही, आणि मोहिमेत असा एक जण जरी असला तरी समोरचा तेवढंच धरून बसतो. वीतभर जिताडा ठेवून घेणारेही आहेत. आमच्या गटात नियम केलाय: विक्री नाही, पिल्लं परत पाण्यात, आणि तुटलेली लाईन गुंडाळून घरी आणायची, तिवरांत सोडायची नाही. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत विनापरवाना शिरायचं नाही, हेही त्यातच. ते २०१५ पासून अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही.

गिटारफिश तुमच्याच गळाला लागली तर? तिला पाकटासारखा डंखाचा काटा नसतो, घाबरू नका. शेपटीने उचलू नका, खडकावर ओढू नका. पाण्यातच ठेवा, लाईन गळाजवळ कापा, जाऊ द्या. 'एक फोटो फक्त' म्हणत हातात धरून उभं राहू नका. कायदा रॉडवाल्यालाही तोच आहे.

नाखव्याशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका

परदेशात हौशी गळवाल्यांनी अशा लढाया जिंकल्या आहेत. टेक्सासमध्ये त्यांच्या दबावामुळे १९८१ साली रेडफिशची विक्रीच बंद झाली. फ्लोरिडात १९९४ मध्ये मतदान घेऊन किनाऱ्याजवळच्या गुंतवणाऱ्या जाळ्यांवर बंदी आणली. मासा वाचला, पण छोटे मच्छीमार उठले ते उठलेच. आपल्या ग्रुपवर याची उदाहरणं फार उत्साहाने दिली जातात. मला ती इथे लागू करायला नको वाटतात. वाशीच्या विसाव्या मजल्यावरच्या माणसाने तीस हजारांची रील हातात धरून कोळ्याला निसर्ग शिकवायचा, याला काय अर्थ आहे?

एका नाखव्याने, म्हणजे नावेच्या मालक कोळ्याने, मला तोंडावर विचारलं होतं, "तुमी मारता हौसंनी, आमी मारताव पोटासाठी. आन कायदा मंजी आमालाच?" पुढे त्याने यादीच वाचली. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं पाणी, भराव, खाडीवरचे पूल, रात्री एलईडी दिवे लावून मासे ओढणाऱ्या मोठ्या नौका. एलईडीच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली आहे, आणि तिच्याविरुद्ध सगळ्यात जास्त बोंब मारतो तो हाच छोटा मच्छीमार. त्याच्या तक्रारीवर आपण सही केली, तर आपल्या तक्रारीकडे तो शत्रू म्हणून बघत नाही. मी तरी हे अटीसारखंच मानतो: आधी त्याचा एक अर्ज, मग आपला.

जवळचं उदाहरण गुजरातचं आहे. २००१ पर्यंत तिथे व्हेल शार्क राजरोस मारली जायची. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने वनखात्याबरोबर मोहीम काढली. रामकथाकार मोरारी बापूंनी लोकांना सांगितलं, ही तर बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. वेरावळच्या मच्छीमारांनी स्वतःची जाळी कापून व्हेल शार्क सोडायला सुरुवात केली. सरकारने जाळ्याची भरपाई दिली. शेकडो मासे सुटले ते अशा रीतीने.

आपल्याकडे महाराष्ट्रातही डिसेंबर २०१८ पासून तशी योजना आहे. संरक्षित प्राणी जाळ्यात आला आणि मच्छीमाराने जाळं कापून तो सोडला, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. गिटारफिश तळाला पडून राहूनही श्वास घेऊ शकते, त्यामुळे जाळ्यातून काढल्यावर पुष्कळदा जिवंत असते. म्हणजे सोडण्यात अर्थ आहे. अडतं कुठे? सुटकेचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात, अर्ज लागतो. डोलीचं, म्हणजे पाण्यात रोवून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं वर घेताना दोन्ही हात चिखलाने भरलेले, नाव हलतेय, आणि त्यात फोन काढून चित्रीकरण करायचं!

आपला उपयोग इथे आहे. एका घरी आम्ही अंगणात बसून हे केलं. तांडेलाच्या (नाव चालवणाऱ्याच्या) मुलाने फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवायची सवय लावली. व्हिडिओत काय दिसलं पाहिजे हे त्याला आम्ही सांगितलं: आधी नावेचा नोंदणी क्रमांक, मग जाळ्यातला मासा, कापलेलं जाळं, आणि मासा पाण्यात पोहत जाताना. तुकड्यातुकड्याने नको, एकाच सलग चित्रीकरणात. फाटलेलं जाळं मोजपट्टीसह वेगळं टिपायचं. आधार, बँक पासबुक, नावेचा परवाना यांच्या प्रती एका प्लास्टिक फोल्डरमध्ये तयार. नाखव्याची आई आतून चहा घेऊन आली आणि म्हणाली, सरकार पैसं देल तवा खरं. तिचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ धजली नाही. पण कागद तयार असले की निदान मागता तरी येतं.

कागदाची बाजू

तक्रार दोन खात्यांकडे जाते हे लक्षात ठेवा. मासेमारीचे नियम, परवाने, १ जून ते ३१ जुलैची पावसाळी बंदी हे मत्स्यव्यवसाय विभागाचं काम, १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली. संरक्षित जातीची शिकार आणि विक्री वनखात्याची. किनाऱ्यावर त्यासाठी वनखात्याचा कांदळवन कक्ष (तिवरांचा विभाग) आहे, त्यांचं जैवविविधता केंद्र ऐरोलीतच आहे. एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं, म्हणून अर्ज दोघांना एकाच दिवशी द्या आणि प्रत्येकावर दुसऱ्याची प्रत असल्याचं लिहा. आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

तक्रारीत टोपली घेऊन बसलेल्या बाईचं नाव घालू नका. माल कुठल्या नौकेवरून उतरला आणि पर कुठे जातात याची चौकशी मागा. पैसा तिथे आहे.

उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार. दहा रुपये, तीस दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा निबंध लिहू नका. मी दोन वेगळे अर्ज सुचवतो. पहिला: '१ एप्रिल २०२३ पासून जिल्ह्यात अनुसूची १ मधील सागरी माशांच्या शिकार व विक्रीबाबत नोंदवलेले गुन्हे, तारीख व सद्यःस्थिती.' दुसरा: 'संरक्षित सागरी प्राणी सोडल्याबद्दल भरपाईसाठी आलेले, मंजूर आणि प्रलंबित अर्ज.' दुसऱ्याचं उत्तर कोळीवाड्यात घेऊन जा. तुमच्या भाषणांपेक्षा त्या कागदाला जास्त लोक जमतील.

आणि अगदी कुणीच हललं नाही, तर वन्यजीव कायद्याच्या कलम ५५ मध्ये सामान्य नागरिकालाही थेट न्यायालयात तक्रार करता येते. अट एवढीच की गुन्ह्याची आणि तक्रार करण्याच्या इराद्याची ६० दिवसांची नोटीस आधी द्यायची. वकिलाला दाखवून मसुदा करा. ही नोटीस गेली की टेबलावरची फाइल बहुधा जागची हलते.

कोळीवाड्यातली बैठक पावसाळी बंदीत ठेवा. नावा वर ओढलेल्या असतात, माणसं जाळी विणत घरी असतात. नारळी पौर्णिमा तोंडावर आली की कुणी सापडणार नाही. संध्याकाळची वेळ मागून घ्या, मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनला आधी भेटा, आणि रॉड घरी ठेवून जा.