चित्रांची आवड असेल तर अजिंठ्याला अख्खा दिवस द्या

अजिंठा, वेरूळ, दौलताबाद दोन दिवसांत उरकायचा बेत चित्रांत जीव रमणाऱ्याने सरळ मोडावा. मुक्काम लेण्यांजवळच्या फर्दापूर गावात करा. सोमवारी लेणी बंद असतात. खासगी गाडी टी-जंक्शन या फाट्यावर थांबते, लेण्यांपर्यंतचे पुढचे ४ किमी बसने. पहिलीच बस धरा.

सगळ्या लेण्यांमागे धावू नका. १, २, १०, १६, १७ पुरेत. आदल्या रात्री विश्वंतर, महाजनक, षड्दंत या जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी, वाचा. कथा ठाऊक नसेल तर भिंतीवर नुसती गर्दी दिसते.

उन्हातून आत शिरल्यावर काहीच दिसत नाही, म्हणून लोक दोन मिनिटांत बाहेर पडतात. खरं तर डोळे सरावायला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ दाराकडे पाठ करून थांबा. मग १७ क्रमांकात विश्वंतराला शोधा. तोच राजपुत्र पुन्हापुन्हा येतो, मध्ये चौकट नाही. प्रसंग बदलल्याचं खांब, दार, झाड यांवरून ओळखायचं. हे जमलं की एका भिंतीपुढे तास सहज जातो, आणि तो जाऊ द्यावा.

फ्लॅशला मनाई आहे. २ क्रमांकाच्या छतासाठी लहान दुर्बीण जवळ ठेवा.