मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर आपली प्रगती घरच्या घरी कशी मोजावी

मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, ‘आता दुखतंय का?’ आणि बिचारा रुग्णही त्याच प्रश्नाला धरून स्वतःची प्रगती जोखू लागतो. वास्तविक, कंबर थोडी दुखत असूनही माणूस दिवसभर दुकान सांभाळू शकतो, आणि दुखणे जवळजवळ थांबलेले असूनही भीतीपोटी पलंग सोडत नाही. म्हणून दुखण्याबरोबरच काय करता येते आणि काय करता येत नाही, हे लिहून ठेवावे लागते. त्यासाठी जगभर वापरली जाणारी एक साधी प्रश्नावली आहे. ती कशी भरावी आणि हाती आलेल्या आकड्याचे काय करावे, हे येथे सांगतो.

या प्रश्नावलीला ऑस्वेस्ट्री निर्देशांक म्हणतात. इंग्लंडमधील ऑस्वेस्ट्री या गावच्या अस्थिरोग रुग्णालयात ती तयार झाली आणि १९८० साली प्रसिद्ध झाली. कंबरदुखीच्या रुग्णांसाठी असलेल्या या प्रश्नावलीचे मराठी रूपही उपलब्ध असून ते आपल्या फिजिओथेरपिस्टकडे मागावे. तिच्यात दहा विभाग आहेत : वेदनेची तीव्रता, स्वतःची कामे, वजन उचलणे, चालणे, बसणे, उभे राहणे, झोप, लैंगिक जीवन, सामाजिक जीवन आणि प्रवास. प्रत्येक विभागात सहा विधाने असतात आणि आपल्याला आज लागू पडणारे एकच निवडायचे असते. पहिल्याला ० आणि शेवटच्याला ५ गुण. उदाहरणार्थ, बसण्याच्या विभागात कोणत्याही खुर्चीवर हवा तितका वेळ बसता येत असेल तर ०, अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवत नसेल तर ३, दहा मिनिटांपेक्षा जास्त बसवत नसेल तर ४ आणि मुळीच बसवत नसेल तर ५.

सर्व गुणांची बेरीज ५० पैकी येते. तिची दुप्पट केली की टक्केवारी मिळते. २० पर्यंत सौम्य, २१ ते ४० मध्यम आणि ४१ ते ६० तीव्र अक्षमता मानतात. त्यापुढे परावलंबित्व वाढत जाते. लैंगिक जीवनाचा विभाग आपल्याकडे बहुतेक जण कोरा ठेवतात. काहींना तो लागूच नसतो, तर काहींना कागद घरातल्या कोणाच्या हाती पडेल याचा संकोच असतो. कोरा ठेवल्याने काही बिघडत नाही, मात्र मग ५० ऐवजी ४५ ने भागून टक्के काढावेत. माझ्या थोरल्या भावाच्या कमरेतील सरकलेली गादी काढण्यापूर्वी त्याची बेरीज ४५ पैकी २७, म्हणजे ६० टक्के होती.

ही प्रश्नावली पाच वेळा भरावी : शस्त्रक्रियेच्या आधी, सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने. आधीचा आकडा बहुतेक जण विसरतात आणि पुढे तुलनेला काही उरत नाही. रोज भरण्याचा मोह टाळावा, कारण एक दिवस वाईट गेला की आकडा चढतो आणि मन खचते. उत्तरे रुग्णाने स्वतः द्यावीत. आमच्याकडे पहिल्यांदा भावाला विचारले, तेव्हा वहिनींनीच परस्पर सांगून टाकले, ‘यांना स्वतःचं काहीच करता येत नाही.’ त्यावर तो पडल्या पडल्या म्हणाला, ‘दाढी मी माझी मीच करतो.’ त्या विभागात ४ चे २ झाले. प्रेमापोटी घरची माणसे अक्षमता वाढवून सांगतात, हे मी तेव्हा शिकलो.

टक्केवारीचा आकडा सुमारे १० ने खाली आला, तर रुग्णाला खरोखर जाणवण्याइतका फरक पडला असे तज्ज्ञ सामान्यतः मानतात. टक्केवारीतली दोन-तीनची चढउतार मनावर घेऊ नये. भावाचा आकडा सहा आठवड्यांनी ४९ झाला आणि तीन महिन्यांनी ३६. या काळात त्याची मोठी तक्रार पायाच्या बधिरपणाची होती. नस मोकळी झाल्यावर पायात जाणारी कळ बहुधा लवकर थांबते, परंतु बधिरपणा आणि अशक्तपणा महिनोन् महिने रेंगाळू शकतो, कारण इजा झालेले नसेचे तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर एवढ्याच गतीने वाढतात. कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर लक्षात घेतले म्हणजे धीर का धरायचा, ते उमगते.

आता ही प्रश्नावली आपल्या घरात कुठे तोकडी पडते, ते पाहू. ती खुर्चीवर बसण्याबद्दल विचारते. मांडी घालून जेवणे, देशी पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसणे, देवापुढे वाकणे, खाली अंथरूण घालून झोपणे आणि तेथून उठणे यांचा तिच्यात मागमूस नाही. म्हणून कागदाच्या मागे आपल्या पाच कामांची वेगळी नोंद करावी आणि प्रत्येकापुढे ‘जमते’, ‘आधाराने जमते’ किंवा ‘जमत नाही’ असे लिहावे. आमची नोंद स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, दुधाच्या हिशेबाशेजारी होत असे : ‘खुर्चीवर २५ मिनिटे’, दोन दिवसांनी ‘३०’, मध्येच एकदा ‘पाहुणे, ५०, रात्री ठणका’. या ओबडधोबड नोंदींवरूनच फिजिओथेरपिस्टने बसण्याची वेळ अर्ध्या तासावर बांधून दिली आणि दर अर्ध्या तासाने घरातल्या घरात एक फेरी मारण्यास सांगितले.

ज्या विभागात सर्वाधिक गुण, तेथून सुधारणेला सुरुवात करावी. बहुतेकांना पहिल्या महिन्यात अंथरुणातून उठणे सर्वांत अवघड जाते. आडवे असताना थेट उठून बसण्याचा प्रयत्न केला, तर कमरेला पीळ पडतो. त्याऐवजी आधी गुडघे वाकवावेत, मग खांदे आणि कंबर एकाच वेळी, ओंडका लोळावा तसे, कुशीवर वळावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि त्याच वेळी खालचे कोपर व वरचा तळहात गादीवर दाबून वर यावे. झोपताना हाच क्रम उलटा. गादी जमिनीवर असेल तर निदान पहिले दोन-तीन महिने पलंगावर झोपावे. शौचालयासाठी भोक असलेली खुर्ची वैद्यकीय साहित्याच्या दुकानात मिळते. ती घेण्यात कमीपणा मानणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांतली काही नंतर पडल्याचेही ऐकले आहे.

वजनाच्या बाबतीत बहुतेक शल्यचिकित्सक पहिले काही आठवडे २ ते ५ किलोंहून अधिक उचलू देत नाहीत. नेमकी मर्यादा आपल्याच डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. पाण्याची भरलेली बादली १५ किलोंच्या पुढे जाते आणि भरलेला घरगुती गॅस सिलिंडर सुमारे ३० किलोंचा असतो, हे घरातल्या सर्वांना आधीच सांगून ठेवावे. मणके स्क्रू आणि सळ्यांनी जोडले असतील तर हाड जुळून येण्यास सहा महिने ते वर्ष लागू शकते आणि तंबाखूतील निकोटीन या जुळणीत अडथळा आणते. मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे, हे सांगावे लागते, कारण ती लावणाऱ्या स्त्रिया स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरत नाहीत. चालणे मात्र पहिल्या दिवसांपासून, डॉक्टरांनी परवानगी देताच, थोडे थोडे वाढवत न्यावे.

मनाची नोंद या प्रश्नावलीत नाही, ही तिची मोठी उणीव मला वाटते. जीवनाच्या गुणवत्तेसाठी वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका प्रश्नावलीत हालचाल, स्वतःची काळजी, नेहमीची कामे आणि वेदना यांच्या जोडीला चिंता व उदासीनता हा पाचवा भाग असतो, आणि शेवटी आजची प्रकृती ० ते १०० च्या पट्टीवर दाखवायची असते. ही पट्टी घरीही आखता येते. अक्षमतेचा आकडा उतरत असूनही पट्टीवरची खूण वर सरकत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, तर ते फिजिओथेरपीने सुटणारे नाही. डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. या प्रश्नावलीत ४२ टक्के आले म्हणजे आपण कायद्याने ४० टक्क्यांवरचे दिव्यांग झालो, असे नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील ४० टक्क्यांची अट वेगळ्या मोजपट्टीवर ठरते. त्यासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा लागतो आणि नेमलेले वैद्यकीय अधिकारी स्वतः तपासून टक्केवारी देतात. प्रश्नावलीचा कागद तेथे पुरावा म्हणून पुढे केल्यास निराशाच पदरी पडते.

काही लक्षणे मात्र मोजत बसण्याची नव्हेत. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, जांघेत व गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे, पावलातली ताकद नव्याने कमी होणे, जखमेतून स्राव व ताप, पोटरी सुजून दुखणे किंवा दम लागणे यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

तपासणीला जाताना तोवरचे सगळे आकडे एका ओळीत लिहून न्यावेत आणि खाली सर्वांत जास्त गुणांचे दोन विभाग लिहावेत. डॉक्टरांची पाच मिनिटे मग त्या दोन विभागांवरच खर्च होतात. तीन महिन्यांतही टक्केवारीत १० ची घट नसेल, तर व्यायाम नेमका किती होतो, नव्याने तपासणी हवी का आणि औषधे बदलावीत का, हे तीन प्रश्न विचारावेत. भावाचा वर्षाचा आकडा ४५ पैकी ७, म्हणजे १६ टक्के आला. मागच्या बाजूच्या पाच कामांपैकी चार आता जमतात. ‘पंगतीत मांडी घालून बसणे’ यापुढे अजूनही ‘जमत नाही’ असेच आहे, आणि लग्नाकार्यात तो शेवटच्या ओळीजवळ खुर्ची मागून घेतो.